जमनाचा ढावलो

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या लेकीपाशी नाही. देवीपुढे हात जोडले तेव्हासुद्धा नाही — तिथं उभी राहून लेकीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे म्हटलं, पिकापाण्याचं मागितलं, आणि हे तेवढं गिळून परत आले. आता तुम्हाला लिहून सांगते आहे. तुम्ही कोण, मला माहीत नाही. ओळखीचं असतं तर सांगता आलं नसतं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणापासूनच. चौथीपर्यंत शाळा शिकले, पण हजेरीला 'हजर' म्हणायची पाळी आली की माझा घसा बंद व्हायचा. शेजारी बसलेली जमना माझ्या वतीनं म्हणायची — आधी माझं, मग स्वतःचं. गुरुजी हसायचे. म्हणायचे, हिचं तोंड त्या पोरीच्या गळ्यात ठेवलंय वाटतं. आम्हीही हसायचो.

जमना माझ्या काकाची मुलगी. तुम्ही यवतमाळकडचे असाल आणि तुमचं थोडं वय झालं असेल, तर तिचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. एसटीत ऐकला असेल, दिग्रसच्या बाजारात, नाहीतर लग्नाच्या जीपवर बांधलेल्या भोंग्यातून. तिच्या पहिल्या कॅसेटवर एक रडणारी नवरी आणि एक गाय छापलेली होती. दोन्ही कुठल्याशा कॅलेंडरवरच्या — गाय तर आमच्याकडची वाटतच नव्हती, फार धष्टपुष्ट होती. पण आत आवाज जमनाचा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायका तो ऐकत चालत. ज्या माणसांच्या डोळ्याला स्वतःच्या लेकीच्या पाठवणीत पाणी आलं नाही, ती चहाच्या टपरीवर खाली मान घालून बसत. ओळीचा शेवटचा शब्द ती पुरा म्हणायची नाही. कोणी मागून हाक मारली आणि म्हणता म्हणता वळून पाहिलं, असा सोडून द्यायची. ते तिलाच जमायचं.

लोक म्हणत, आवाज देवानं दिला, पण गाणं चोरीचं.

त्यातलं पुढचं अर्धं वाक्य — ते माझ्यामुळे आहे.

थांबा. नीट सांगते. मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल दोघी बहिणींचं भांडण झालं असेल. भांडण कधीच झालं नाही. तेच तर.

आमच्या तांड्यात नवरी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. नुसतं रडून चालत नाही, गाऊन रडावं लागतं. एकेकाच्या गळ्यात पडायचं — बापाच्या, भावाच्या, मावशीच्या — आणि ज्याच्या गळ्यात पडलो त्याचं-आपलं जे असेल ते सुरात सांगायचं. काही ओळी जुन्या असतात, काही नवरीनं स्वतःच्या घरातून आणायच्या. लग्नाआधी म्हाताऱ्या बायका पोरीला बसवून शिकवतात. जी नवरी नुसतीच मुकी उभी राहिली तिला सासरी जन्मभर ऐकावं लागतं, की हिला माहेरची माया नव्हती, नाहीतर माहेरानं हिला काही दिलं नव्हतं. हल्लीच्या पोरी डीजे लावतात, त्यांना काही वाटत नाही. तेव्हा तसं नव्हतं.

मला शिकवायला तांड्यातली म्हातारी, डोकरी, यायची. तिचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, सगळे डोकरीच म्हणायचे. ती एक ओळ म्हणायची आणि माझ्याकडे पाहायची. मी खाली पाहायची. जमना माझ्याजवळ ज्वारी निवडत बसलेली असायची, ती ओळ तिच्या ओठात आपसूक फिरायची. एके दिवशी डोकरी वैतागली. म्हणाली, "काहून वं, जीभ सासरी पयलेच पाठवून देली का?" सगळ्या हसल्या. मी पण हसले.

लग्नाच्या दिवशी माझ्या डोक्यावरून मोठी ओढणी टाकली होती. बाहेर नगारा वाजत होता, बायका रडत होत्या, कोण कोणाला धरतं आहे कळत नव्हतं. बापू, माझे वडील, पुढं आले. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकले आणि तोंड उघडलं. काही नाही. श्वाससुद्धा नाही. मग मागून ओढणी उचलली गेली, जमना माझ्या पाठीशी आत शिरली, तिनं माझ्या कमरेला मिठी घातली आणि माझ्या मानेजवळ तोंड आणून गायला लागली.

बापू, तुमच्या गोठ्यातली धोळी गाय माझ्याच हातचं पाणी पिते, उद्या तिला कोण पाणी दाखवेल — असं होतं ते. आमच्या बोलीत होतं, मराठीत तेवढं बरं वाटत नाही. धोळी आमच्याकडे होती, पांढरी गाय, तिला पाणी पाजायचं काम माझंच होतं. हे डोकरीनं शिकवलेलं नव्हतं. जमनानं तिथल्या तिथं रचलं. भावाच्या गळ्यात पडले तेव्हा भावाचं, आईच्या गळ्यात पडले तेव्हा आईच्या हातावरच्या गोंदणाचं. आमच्या घरातलं सगळं तिच्या डोळ्यासमोरचं. मी नुसती हलत होते. हुंदके खरे माझे, आणि शब्द तिचे.

आईनं मला जवळ घेतलं तेव्हा तिचे हात ओढणीवरून फिरले. तिला दोन डोकी लागली. मला कळलं की तिला कळलं. तिनं ओढणी आणखी ओढून घट्ट केली. आसपासच्या दोन-तीन पोरींनाही कळलं असेल, पण त्या पुढे लग्न होऊन दूर दूर गेल्या. आई पुढं लवकर वारली. काकी, म्हणजे जमनाची आई, विधवा होती — ती पाठवणीला समोर येत नसे, घरामागं चुलीजवळ होती. ती नंतर येऊन मला म्हणाली, "पोरी, लांबूनच आयकलं. तुह्या रडण्यानं माह्या हातातली भाकर जळली." स्वतःच्या पोरीचा आवाज तिनं ओळखला नाही. गलक्यात आणि रडण्यात कोण ओळखणार?

इथंच संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. बहिणीनं बहिणीची लाज राखली, एवढंच झालं असतं.

सासरी माझ्या आधी माझा ढावलो पोचला. नणंद सांगत सुटली, "भाबी, आमचा डायवर रडून राह्यला होता. घाटात गाडी कशी राखली त्यालेच मालूम." सासू कोणी आलं की म्हणायची, "लोकायच्या सुना पलंग-कपाट आनतात, माह्या सुनेनं रडणं आनलं." अबोल म्हणून मला कोणी टोचलं नाही. उलट म्हणायचे, बोलत नाही पण आतून किती आहे. एखाद्या लग्नात बायका म्हणायच्या, म्हण ना थोडा. मी मान हलवायची. एकदा मात्र मी म्हटलं — तुम्ही विश्वास ठेवा, मी स्वतःहून, स्पष्ट बोलले — "तो एकदाच म्हणायचा असतो." बायका माझ्याकडे मानानं पाहायला लागल्या. मला ते आवडलं. हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

पुढं माझी मुलगी झाली. ती रांगायला लागली त्या सुमाराला जमनाची कॅसेट आली. दिग्रसला टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी जमनाला कुठल्याशा लग्नात गाताना ऐकलं आणि दुकानामागच्या खोलीत बसवून तिची गाणी भरली. जिनिंगचा आवाज येऊ नये म्हणून भिंतीला गाद्या टांगल्या होत्या म्हणे. त्यात धोळी गायीचं गाणं होतं. तिचंच होतं ते, तिनं गायलं. नावं काढून टाकली होती, पण गाय तशीच होती, आईच्या हातावरचं गोंदण तसंच होतं.

सासरच्या तांड्यात ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा सासूनं हातातलं सूप खाली ठेवलं. नवरा संध्याकाळी दिग्रसहून आला तो पेटलेलाच. "साऱ्या बाजारले मालूम झालं तुह्या बापाच्या गोठ्यात कोनती गाय होती. पोट्टे शिट्या मारून राह्यले त्याच्यावर. आपल्या घरचं रडणं तिनं दुकानात मांडलं." मग सासूकडे वळून म्हणाला, "चोट्टी हाय ते."

मी चुलीपुढं होते. तेव्हा बोलता आलं असतं. घरातल्या घरात. नवरा मारकुटा नव्हता. काय झालं असतं? सासूनं दोन-चार वर्षं टोमणे मारले असते. नणंद म्हणाली असती, अगं बाई, मग डायवर कोणासाठी रडला? एवढंच. मी पुष्कळदा मोजून पाहिलं आहे, त्याहून जास्त काही झालं नसतं. मी भाकर उलटली.

माझ्या माहेरच्या तांड्यात बैठक बसली. माझे सासरचे आले, तांड्याचे प्रमुख, नायक, मध्ये बसले. एका बाजूला जमना आणि काकी. मी पोरीला कडेवर घेऊन बायकांत उभी. नायकांनी मला पुढं बोलावलं. म्हणाले, "घाबरू नको बाई. येवढंच सांग, हा ढावलो कोनाचा?"

मला बोलावंही लागलं नाही. मी नुसती मान हलवली — माझा, अशी. मानेचा काय तो एवढासा हेलकावा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी तोंडानं बोललेसुद्धा नाही.

मग एक म्हातारा म्हणाला, कायले वाद घालता, दोघींनी एक-एक ओळ म्हना, कोनाचं हाय ते आयकूनच समजते. लोक म्हणाले, बरोबर आहे. पोरगी रडायला लागली. मी जमनाकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं — कारण मला गरज होती. बघा, किती सरळ आहे हे.

जमना उठून उभी राहिली. म्हणाली, "तिले म्हनाले लावू नका. तिचाच हाय. म्या घेतला."

तिनं असं का केलं? प्रेमानं केलं असेल, रागानं केलं असेल. कंटाळून केलं असेल. हजेरीला माझ्या वतीनं बोलायची सवय होती म्हणूनही असेल. मला माहीत नाही, आणि तिच्या मनातलं मी आता माझ्या सोयीनं लिहिणार नाही. मला स्वतःचं माहीत आहे. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. मला वाटलं — सुटले.

काकीनं तिथं सगळ्यांदेखत जमनाच्या तोंडात मारली. विधवा बाई, खाली मान घालून जगलेली, आजवर कोणी बोट दाखवलं नव्हतं. बैठकीनं सांगितलं, की आमच्या लोकांच्या कोणत्याही लग्नात जमनाला गायला बोलवायचं नाही. उठताना जमना माझ्या अगदी जवळून गेली. मला वाटलं आता काही बोलेल. ती पोरीकडे पाहून म्हणाली, "टोपडं घट्ट बांधलं तू. कान दुखन तिचे." आणि बंद सैल करून गेली.

तिची ठरलेली सोयरीक मोडली. पुन्हा कोणी विचारायला आलं नाही. ती यवतमाळला गेली आणि ऑर्केस्ट्रात गायला लागली. तिथं तिचं नाव झालं, खूप झालं. गणपतीत, नवरात्रात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला, बाभुळगाव-दिग्रस-पुसद, पार झरी जामणीच्या जंगलापर्यंत लोक तिला बोलवायचे. पोस्टरवर तिला आरशांची कांचळी-चोळी आणि घेरदार फेटिया-घागरा घालून उभी करायचे. आमचा पोशाख चालायचा, फक्त आमच्या लग्नात ती चालत नव्हती. प्रेमाची, ताटातुटीची गाणी ती म्हणायची — हिंदी, मराठी. नव्या कॅसेटा आल्या, मग सीड्या आल्या. लोक धोळी गायीची फर्माईश करायचे. ती म्हणायची, ते माझं नाही. स्टेजवरून, माईकमध्ये. लोकांना वाटायचं नखरा करते.

मी एकदा ऐकलं ते. पुसदला, नवरात्रात, नवऱ्यासोबत गेले होते. गर्दीत मागं उभे होतो. नवरा म्हणाला, "पाह्य, कबूल तरी करते." मी हो म्हटलं.

दर दिवाळीला ती काकीसाठी लुगडं पाठवायची. काकी ते घडी न मोडता शेजारच्या बाईला देऊन टाकायची. मी माहेरी गेले की मला दाखवायची, "चोरीच्या गान्याचं लुगडं माह्या आंगाले नाही लागत." मी तिथं बसून चहा पीत असायचे. चहा संपवायचे.

मग जमनाच्या घशाला दुखणं झालं. आधी आवाज बसायला लागला, कार्यक्रम सुटत गेले. मग गळ्याला पट्टी, मग बोलणंच बंद. यवतमाळला दवाखान्यात होती. शेवटी काकी गेलीच, आईच ती. मी पण गेले. खाटेवर जमना एवढीशी झाली होती, पण केस अजून काळेभोर. काकी माझा हात धरून तिला म्हणाली, "पाह्य कोन आलं. जिचं तू चोरलं तेच तुले पाहाले आली. येवढं मोठं मन हाय हिचं."

जमनानं माझ्याकडे पाहिलं. मग सरकली. मला बसायला खाटेवर जागा केली.

काकी गरम पाणी आणायला गेली. आम्ही दोघीच. आता तिचं तोंड बंद होतं आणि माझं उघडं. कोणी ऐकणारं नव्हतं, कोणी हसणारं नव्हतं. नुसतं तिला म्हणायचं होतं, की मला माहीत आहे. काकी परत आल्यावर काकीला म्हणायचं होतं. मी विचारलं, "दुखते का?" तिनं मान हलवली, नाही अशी. काकी पाणी घेऊन आली. मी पिशवीतली संत्री काढून ठेवली आणि बसच्या वेळेचं निमित्त करून निघाले.

ती गेली त्याला फार दिवस झाले नाहीत. तांड्यातच आणलं तिला. ऑर्केस्ट्राची माणसं टेम्पो करून आली होती, एका बाजूला उभी राहून रडत होती. आमच्यातलं कोणी फारसं रडलं नाही. आता तिची गाणी मोबाईलवर आली आहेत, ते धोळी गायीचंही. माझ्या नातीनं मैत्रिणीला ऐकवलं आणि सांगितलं, "हे माझ्या आजीचं आहे, या बाईनं चोरलं होतं." मैत्रीण म्हणाली, आजी म्हणून दाखवा ना. नातच म्हणाली, "नाही म्हणत ती. तो एकदाच म्हणायचा असतो." माझं वाक्य. पोरीच्या तोंडात अगदी बसलेलं.

काकी अजून आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, पण पायरव ओळखते. या पोळ्याला माहेरी गेले होते, तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग तिनं विचारलं, "त्या दिवशी दवाखान्यात मी पानी आनाले गेलती, तवा तिनं तुह्यी माफी मांगली का वं? बोलता तं येत नव्हतं तिले. पन हात जोडले असतीन, काही केलं असन. तेवढं समजलं तं माह्या जीवाले बरं वाटन."

मला लगेच उत्तर देता आलं. घसा बंद झाला नाही, काही नाही. मी म्हटलं, "हो काकी. हात जोडले होते तिनं."

काकीनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "आता कोनापाशी तोंड लपवाची गरज नाही मले."

जमनानं हात जोडले नव्हते. तिनं मला बसायला जागा केली होती. काकीला हे मी सांगितलेलं नाही.